रस्त्यात गेलेल्या जमिनीचा पैसा आणि रस्तेवाल्या कंपनीचा शेअर

प्रश्न : काका, रामराम. मी सेलू तालुक्यातला शेतकरी, जोडीला कृषी सेवा केंद्र आहे. आमची दोन एकर दहा गुंठे जमीन राष्ट्रीय महामार्गात गेली. भूसंपादनाची पहिली, थ्री-एची नोटीस 2018 मध्ये आली आणि मोबदला हातात पडायला 2021 उजाडलं. त्यातून विहिरीचं कर्ज फेडलं, धाकट्या बहिणीचं लग्न केलं. उरलेले 14 लाख एफडीत आहेत, ती पुढच्या महिन्यात सुटते. पुण्याचे दाजी म्हणतात, ज्या कंपनीने हा रस्ता केला तिचाच शेअर घ्या आणि दहा वर्षं विसरून जा. कंपनी रस्ते करते, पाण्याच्या पाइपलाइन टाकते, टोलनाके आणि देखभालीची कामंही घेते. रस्ता मी रोज बघतो, काम एक नंबर झालंय. वर्षाच्या विक्रीच्या चौपट कामं हातात आहेत, तीन वर्षं नफा वाढतोय. तरी शेअर वर्षभरात 40 टक्के खाली आलाय. पी/ई, म्हणजे शेअरचा भाव एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट, तो 12 आहे. आई म्हणते, जमिनीचा पैसा जमिनीतच घाल. दहा लाख टाकावेत का? कंपनीचं नाव वेगळ्या चिठ्ठीत लिहिलंय, ते छापू नका.
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : दादा, रामराम. नाव छापत नाही. 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असंही सांगणार नाही, कारण मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही. पण परभणी, बीड, लातूर या जिल्ह्यांत रस्त्यांच्या ठेकेदारांकडे मी 26 वर्षं हिशेब लिहिलेत. अशी कंपनी आतून कशी चालते, तिचा पैसा कुठे अडतो, हे मी जवळून बघितलंय. तेवढं सांगतो. निर्णय तुम्ही आणि आईंनी मिळून घ्या.

आधी 'काम एक नंबर' याबद्दल. दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंत 165 किलोमीटरचा यमुना एक्स्प्रेसवे आहे. 2012 मध्ये सुरू झाला, आजही त्यावरून धो धो वाहतूक चालते. तो ज्या जेपी इन्फ्राटेक कंपनीचा होता ती 2010 साली शेअर बाजारात आली आणि 2017 मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. रस्त्याकडेच्या घरबांधणीत आणि कर्जात ती रुतली. रस्ता शाबूत राहिला, भागधारकांच्या हाती जवळजवळ काही राहिलं नाही. तेव्हा डांबर गुळगुळीत आहे यावरून इंजिनिअर चांगला होता एवढंच कळतं. शेअरहोल्डरला काय मिळणार, हे डांबरावरून कळत नाही.

मला हे कळलं ते 31 मार्च 2010 च्या संध्याकाळी. परळी–गंगाखेड भागात आमचा कॅम्प होता. पत्र्याची ऑफिसं, मागे खडीचं क्रशर. आमचा मालक पोटठेकेदार. मूळ काम शेअर बाजारात नाव असलेल्या एका मोठ्या कंपनीचं. त्या दिवशी ज्युनिअर इंजिनिअरने एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, शेवटची नोंद केली आणि 3 कोटी 40 लाखांचं बिल तयार झालं. मी ते जमेला धरलं. कागदावर ते आमच्या कॅम्पचं सगळ्यात फायद्याचं वर्ष ठरलं. बँकेत त्या संध्याकाळी 61 हजार रुपये होते.

समोरच्या लोखंडी खुर्चीवर दुपारपासून डिझेल पंपाचे मालक बसले होते. त्यांचे 22 लाख थकले होते. कापडी पिशवीतून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. टिप्परचा नंबर, लिटर आणि ड्रायव्हरची सही असलेल्या त्या गुलाबी कार्बन चिठ्ठ्या. त्या तारखेवार टेबलावर मांडत गेले. टेबल भरलं तेव्हा पुढच्या स्टुलावर मांडल्या. आवाज चढवला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "साहेब, वरच्या कंपनीचा नफा पेपरात येतो. माझ्या चिठ्ठ्या कुठं छापून येतील?"

बिलाचे पैसे चौदा महिन्यांनी आले. पंपाचे मालक तोवर दोनदा सावकाराकडे गेले होते. आणि मी स्वतः त्या मोठ्या कंपनीचे शेअर 2007 च्या तेजीत 1 लाख 80 हजारांना घेऊन बसलो होतो. 2013 मध्ये 23 हजारांना विकले. टेबलावरच्या चिठ्ठ्या आणि माझे शेअर हा एकच हिशेब आहे, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही, याचं दुःख मला आजही आहे. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

आता तो हिशेब साध्या आकड्यांत मांडतो. समजा, कंपनीने 100 रुपयांचं काम केलं. खडी, डांबर, डिझेल, मजुरी, पगार मिळून 90 गेले. फायदा 10. वर्षाच्या ताळेबंदात हे 10 लगेच दिसतात, कारण काम झालं की उत्पन्न धरायचं, हा हिशेबाचा नियमच आहे. पण पैसे आले नाहीत तर ते 90 बँकेकडून उचललेले असतात. 12 टक्के व्याज धरलं तर महिन्याला 90 पैसे. अकरा महिन्यांत 9 रुपये 90 पैसे. म्हणजे बिल वर्षभर अडलं तर सगळा फायदा व्याजात गेला आणि वर कागदावरच्या नफ्याचा आयकर पैसे हातात येण्याआधीच भरावा लागतो.

म्हणून तीन वर्षं नफा वाढला, हे वाचून थांबू नका. कंपनीच्या वार्षिक अहवालात 'कॅश फ्लो स्टेटमेंट' नावाचं पान असतं. अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्या पानाच्या पहिल्या भागात 'ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटीज' मधून किती रोकड आली ते असतं. मागच्या पाच वर्षांचे ते आकडे घ्या, बेरीज करा. शेजारी पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज लिहा. एका वर्षाने काही ठरत नाही, एखादं मोठं बिल इकडचं तिकडे होतं. पण पाच वर्षांत 500 कोटी नफा दाखवून हातात 100 कोटीही आले नसतील, तर उरलेले 400 कुठल्या तरी सरकारी कपाटात फायलीला बांधलेले आहेत. नाहीतर ते कधी नव्हतेच.

त्याच्याच जोडीला ताळेबंदात 'ट्रेड रिसीव्हेबल्स' आणि 'काँट्रॅक्ट ॲसेट्स' या दोन ओळी शोधा. पहिली म्हणजे बिल दिलंय पण पैसे यायचेत. दुसरी म्हणजे काम झालंय असं कंपनी म्हणते, पण अजून बिलच झालेलं नाही. पहिलीच ओळ बघून लोक समाधान मानतात. मी दुसरीकडे जास्त बारकाईने बघतो, कारण तिथे कंपनीचा शब्द असतो आणि समोरच्याची सही नसते. दोन्हींची बेरीज करून वर्षाच्या विक्रीने भागा, 365 ने गुणा. किती दिवसांचे पैसे बाहेर आहेत ते कळेल. हा आकडा दरवर्षी वाढत असेल तर नफा वाढतोय याचा आनंद मला तरी होत नाही.

पैसे देणारा कोण, हेही इथेच बघायचं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची बिलं आणि नगरपालिका, जिल्हा परिषदांची बिलं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाइपलाइनच्या कामांत तर फारच. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं, 2024 पर्यंत प्रत्येक घरी माणशी 55 लिटर पाणी द्यायचं ठरलं होतं. मुदत पुढे 2028 पर्यंत गेली. आपल्या राज्यात त्याचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. एकाचा हप्ता लांबला की खाली गावातलं काम थांबतं. टाकी अर्धी, चर उकरलेला, पाइप कडेला, असं दृश्य तुमच्या तालुक्यातही असेल. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा मी लातुरात होतो. या कामांची गरज किती खरी आहे हे मला कोणी सांगायला नको. पण गरज खरी असली म्हणून बिल वेळेवर निघत नाही.

आता 'चौपट कामं हातात'. दादा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं. तुमची थ्री-ए 2018 ची, मोबदला 2021 चा. त्या मधल्या काळात प्रांताच्या कार्यालयात तुम्ही किती चकरा मारल्या ते आठवा. ठेका दिल्यावरही सरकारने 80 ते 90 टक्के जमीन ताब्यात दिल्याशिवाय कामाची अधिकृत तारीख, म्हणजे 'अपॉइंटेड डेट', मिळत नाही. तोवर ते काम कंपनीच्या 'ऑर्डर बुक'मध्ये दिमाखात बसलेलं असतं आणि जागेवर कुदळही पडलेली नसते. तेव्हा चौपटीतली किती कामं खरंच चालू आहेत, हे विचारायचं. निकालानंतर कंपनीचे अधिकारी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलतात, त्याचा लेखी मजकूर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतो. त्यात 'अपॉइंटेड डेट' हा शब्द शोधा. ती किती कामांना मिळाली, हे बहुतेक वेळा तिथे सापडतं.

आणि ती कामं कोणत्या दराने घेतली? आमच्या भाषेत 'किती बिलो'. अंदाजपत्रकापेक्षा 5 टक्के बिलो घेतलेलं काम निभतं. 25–30 टक्के बिलो घेतलं की पहिल्याच पावसाळ्यानंतर मालक पोटठेकेदाराचे दर कापायला लागतो. कामं नाहीत म्हणून यंत्रं उभी राहू नयेत, यासाठी मोठ्या कंपन्याही असं करतात. मग ऑर्डर बुक फुगतं आणि विक्रीवरचा नफ्याचा टक्का दोन-तीन वर्षांनी खाली येतो. तुमच्या कंपनीचा तो टक्का वर जातोय की खाली, ते बघा. शेअर 40 टक्के पडण्याचं कारण कदाचित तिथेच मिळेल.

दरवाढीचं कलम हा आणखी एक मुद्दा. जायकवाडीहून छत्रपती संभाजीनगरला पाणी आणणारी योजना 1,680 कोटींची होती, ती 2,740 कोटींवर गेली. वाढलेले हजार कोटी कोणी सोसायचे, हे असल्या प्रत्येक कामात करारच ठरवतो. जालन्याच्या सळईचा भाव चढला, डांबर महागलं, तर तो फरक मिळणार आहे का? राष्ट्रीय महामार्गांच्या मोठ्या करारांत निर्देशांकाप्रमाणे दरवाढ मिळते. छोट्या मुदतीच्या किंवा ठोक रकमेच्या कामांत बऱ्याचदा नाही.

कर्ज बघताना फसू नका. 'हॅम' नावाची पद्धत 2016 पासून आली. त्यात सरकार 40 टक्के रक्कम बांधकाम चालू असताना देतं आणि 60 टक्के पुढे 15 वर्षांत सहामाही हप्त्यांनी, व्याजासह. मधला खर्च कंपनीने स्वतःचं भांडवल आणि बँकेचं कर्ज घालून भागवायचा. प्रत्येक रस्त्यासाठी वेगळी पोटकंपनी काढतात आणि कर्ज तिच्या नावावर असतं. त्यामुळे 'स्टँडअलोन' ताळेबंदात कंपनी अगदी स्वच्छ दिसते. तुम्ही 'कन्सॉलिडेटेड' म्हणजे सगळ्या पोटकंपन्या धरून केलेला ताळेबंद बघा, आणि पोटकंपन्यांच्या कर्जाला मूळ कंपनीने किती हमी दिलीय तेही. हॅमचं कर्ज असणं वाईट नाही, हप्ते सरकारकडून येणार असतात. पण नवीन रस्त्यांसाठी दरवर्षी भांडवल लागतं. ते कुठून येणार? जुने रस्ते विकून, की नवे शेअर काढून? पाच वर्षांत शेअरची संख्या दीडपट झाली असेल तर नफा दीडपट झाला तरी तुमच्या वाट्याला जादा काही आलं नाही.

मालकांचे शेअर गहाण आहेत का, हे दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात असतं. बराच मोठा हिस्सा गहाण असेल तर मी पुढचं पान उलटत नाही. क्रिसिल, इक्रा, केअर यांची पतमापनाची टिपणं फुकट वाचायला मिळतात, ती जरूर वाचा. थकबाकी कुठे आहे ते त्यात साध्या शब्दांत असतं. फक्त त्यांच्या अक्षरांवर विसंबू नका. रस्ते-वीज-बंदरांत पसरलेल्या आयएल अँड एफएस समूहाच्या मूळ कंपनीला 2018 च्या ऑगस्टपर्यंत 'ट्रिपल ए', म्हणजे सगळ्यात वरचं पतमापन होतं. सप्टेंबरात समूहाचे हप्ते एकापाठोपाठ चुकू लागले. डोक्यावर कर्ज होतं 91 हजार कोटींच्या घरात.

दाजी कदाचित म्हणतील, सरकार रस्त्यांवर एवढा खर्च करतंय, मग कंपन्या बुडतील कशा? केंद्राचा भांडवली खर्च 2019-20 मध्ये सव्वातीन लाख कोटींच्या थोडा वर होता, 2024-25 च्या अर्थसंकल्पात तो 11.11 लाख कोटी ठरवला गेला. राष्ट्रीय महामार्ग 2014 मध्ये 91 हजार किलोमीटर होते, दहा वर्षांत 1 लाख 46 हजारांवर गेले. वाढ खरी आहे, मोठी आहे. पण ती बघून प्रत्येक जिल्ह्यातला ठेकेदार पेव्हर, म्हणजे डांबर अंथरायचं यंत्र, घेऊन उभा राहिला आणि टेंडरमध्ये एकमेकांचे दर तोडले गेले. रस्ता लोकांना मिळाला, आणि चांगलंच झालं. त्यातला किती पैसा शेअरहोल्डरकडे आला, हा प्रश्न वेगळाच राहतो.

तुमच्या कंपनीची एक बाजू मात्र मला आवडली. टोलवसुली आणि देखभालीचं काम. त्यात यंत्रं कमी लागतात, पैसा महिन्याच्या महिन्याला येतो, आणि रस्ते झाले तेवढी ही कामं वाढणारच. एकूण नफ्यात त्याचा वाटा किती, हे 'सेगमेंट' च्या तक्त्यात बघा. तो 5 टक्केच असेल तर ती फक्त जाहिरात समजा. 30–40 टक्के असेल तर ही कंपनी निव्वळ ठेकेदारापेक्षा वेगळ्या नजरेने बघायला हवी, आणि 12 चा पी/ई मग खरंच स्वस्त असू शकतो. नुसत्या ठेकेदारीला 12 मला स्वस्त वाटत नाही.

एक काम असं आहे, जे मुंबईत बसलेल्या विश्लेषकाला जमणार नाही आणि तुम्हाला जमेल. कॅम्पला ज्या पंपावरून डिझेल जायचं तिथे जा. ज्यांचे टिप्पर आणि पाण्याचे टँकर लागले होते त्यांना भेटा. खडी पुरवणाऱ्याला विचारा. 'पैसे किती दिवसांनी मिळाले?' एवढंच. पन्नास-साठ दिवस म्हणाले तर ठीक. 'अजून अडकलेत' असं तिघांपैकी दोघं म्हणाले, तर ताळेबंदातल्या 'ट्रेड पेयेबल्स' या ओळीकडे परत या. आपली देणी लांबवून कंपन्या रोकड चांगली दाखवतात, मी वर सांगितलेली पाच वर्षांची बेरीजसुद्धा त्याने सुधारून घेता येते. हे त्या ओळीत दिसतं, आणि पंपावर त्याहून लवकर कळतं.

रकमेबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत, पण न सांगता राहवत नाही. 14 पैकी 10 लाख एका कंपनीत, तेही अशा धंद्यात जिथे एका पावसाळ्याने आणि एका न सुटलेल्या बिलाने वर्ष वाया जातं, हे मला पटत नाही. दुकानाचा खरीप उधारीवर चालतो, सोयाबीनचा भाव पडला की वसुली लांबते. म्हणजे तुमचा स्वतःचा धंदाही याच कंपनीसारखा येण्यांवर तगलेला आहे. दोन्हीकडे एकाच वर्षी पैसे अडकले तर? वर सांगितलेलं सगळं तपासून कंपनी टिकली, तरी मी एक ते दीड लाखाच्या पुढे जाणार नाही, आणि तेही दोन वर्षांत, तिमाही निकाल बघत बघत. बाकीची रक्कम एकाच बँकेत ठेवू नका. ठेव विमा प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंतच आहे. जास्त व्याज देतात म्हणून मल्टिस्टेट पतसंस्थेत तर मुळीच नको, तिथे तो विमाच नाही. मराठवाड्यात किती घरं त्यात पोळली ते तुम्ही बघितलंय.

आईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. त्यांना जमीन कळते, कुठली पाणस्थळ आणि कुठली चुनखडीची हे त्या न विचारता सांगतील. तुम्हाला शेअरचं तेवढं कळेपर्यंत थांबलात तर एफडीचं व्याज चालूच राहील.

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषदेतून निवृत्त शिक्षिका आहे. शेअर नको वाटतात. रस्त्यांच्या 'इन्व्हिट'मध्ये एफडीपेक्षा जास्त उत्पन्न मिळतं असं ऐकलं. घ्यावं का?
— एक वाचक, उदगीर, जि. लातूर

उत्तर : ताई, इन्व्हिट म्हणजे तयार झालेले रस्ते किंवा वीजवाहिन्या एका न्यासाच्या ताब्यात द्यायच्या आणि त्यांचं उत्पन्न युनिटधारकांना वाटायचं. वाटण्याजोग्या रोकडीतले किमान 90 टक्के वाटावेच लागतात, म्हणून हातात नियमित पैसे येतात. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या इन्व्हिटचं बाजारातून एक युनिटही घेता येतं. वरच्या पत्रातल्या कंपनीसारखी टेंडर आणि बिलांची दगदग त्यात कमी.

पण ती एफडी नाही. टोलचा करार ठरावीक वर्षांचा असतो. तो संपला की रस्ता सरकारजमा होतो आणि तुमच्या युनिटमागे तो रस्ता उरत नाही. त्यामुळे दरवर्षी मिळणाऱ्या पैशात तुमचं स्वतःचं भांडवलही थोडं थोडं परत येत असतं आणि माणूस ते सगळं व्याज समजून खर्च करतो. आयआरबीचं इन्व्हिट 2017 मध्ये 102 रुपयांना आलं होतं, नंतर बराच काळ त्याच्या खालीच राहिलं. वाटप मात्र होत राहिलं. म्हणून नुसता वाटपाचा टक्का बघून ठरवू नका.

प्रत्येक वाटपाबरोबर पत्र येतं. त्यात व्याज किती, लाभांश किती आणि भांडवल परत किती, हे वेगवेगळं छापलेलं असतं. व्याजावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, भांडवलाच्या परतीचा हिशेब वेगळा. ज्याचं नाव तुमच्या मनात आहे त्याची मागच्या चार वाटपांची पत्रं संकेतस्थळावरून काढून घ्या, तीन रकाने आखून आकडे उतरवा, आणि त्यांच्या सगळ्या रस्त्यांचे करार कोणत्या साली संपतात ते शेजारी लिहा. कागद पाठवलात तर पुढच्या अंकात त्यावरच बोलू.